गिम्ली ग्लायडरचा पत्रा: घेण्याआधी आणि घेतल्यावर

वस्तू एवढीशी आहे. विमानाच्या अंगावरून कापलेला ॲल्युमिनियमचा तुकडा, कोपरे गोल केलेले, एका टोकाला कडीसाठी भोक, वर विमानाचं नाव, मॉडेल आणि नोंदणी क्रमांक छापलेला. विकली जाते की-चेन म्हणून. किल्ल्या मात्र शहाणा माणूस तिला लावत नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलात तर दोन-तीन रुपये येतील. विमानवेडे त्यासाठी डॉलर मोजतात, कारण या तुकड्यावर सी-जीएयूएन ही अक्षरं आहेत. १९८३ मध्ये हवेत इंधन संपल्यावर इंजिनांशिवाय तरंगत कॅनडातल्या गिम्लीला उतरलेल्या एअर कॅनडाच्या विमानाचा, म्हणजेच ‘गिम्ली ग्लायडर’चा, हा नोंदणी क्रमांक.

निकाल आधीच सांगून टाकतो: घ्यावा. पण पैसे पत्र्याचे नाहीत, त्या विमानाच्या सेवापुस्तकाचे आहेत. ते वाचता येत नसेल तर हा तुकडा बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून कापलाय म्हणून कुणी दिला तरी कळायचं नाही. म्हणून आधी सेवापुस्तक, मग पत्रा.

पहिलं पान. बोईंग ७६७-२३३, कारखान्याचा अनुक्रमांक २२५२०, ७६७ मालिकेतलं सत्तेचाळिसावं विमान, प्रॅट अँड व्हिटनीची जेटी९डी-७आर४डी जातीची दोन इंजिनं. मार्च १९८३ मध्ये एअर कॅनडाकडे रुजू, ताफ्यातला क्रमांक ६०४. मॉडेलमधला शेवटचा ‘३३’ हा बोईंगने एअर कॅनडाला दिलेला गिऱ्हाईक क्रमांक. एअर इंडियाचा ३७, म्हणून तिची जम्बो विमानं ७४७-२३७ आणि ७४७-४३७ होती. तुकड्यावर ७६७-२०० एवढंच लिहिलं असेल तर चूक नाही, पण ७६७-२३३ लिहिणाऱ्याने काम नीट केलंय असं समजावं.

रुजू होऊन चार महिने व्हायच्या आतच या विमानाची ती प्रसिद्ध भानगड झाली. लोक त्यातली शेवटची सतरा मिनिटं सांगतात. बिघाड त्याच्या आधी, जमिनीवर झाला होता आणि तोच जास्त शिकवणारा आहे.

टाक्यांत किती इंधन आहे हे काट्यांना सांगणाऱ्या प्रोसेसरमध्ये दोन चॅनल होती. एक गेलं तर दुसऱ्याने सांभाळायचं, अशी रचना. प्रत्यक्षात एका इंडक्टरचा सांधा कच्चा राहिला होता. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तोच प्रकार. चॅनल पूर्ण मेलं असतं तर दुसऱ्याने ताबा घेतला असता. हे अर्धमेलं राहिलं, व्होल्टेज पडलेलं, आणि बिघाड झालाय हे प्रोसेसरला उमजलंच नाही. त्यामुळे दोन्ही चॅनल गप्प आणि कॉकपिटमधले इंधनाचे आकडे कोरे. एडमंटनच्या तंत्रज्ञाने दुसऱ्या चॅनलचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवला, म्हणजे ते चॅनल बंद केलं, त्यावर खुणेची पट्टी लावली, वहीत नोंद केली. आकडे परत आले. सुटा भाग शिल्लक नव्हता, म्हणून विमान तसंच चालवायचं ठरलं, आणि एक चॅनल चालू असताना ते नियमात बसत होतं.

माँट्रियलला दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासायला म्हणून तोच ब्रेकर आत दाबला. आकडे पुन्हा कोरे. तेवढ्यात त्याचं लक्ष दुसऱ्या कामाकडे गेलं आणि ब्रेकर आतच राहिला, खुणेची पट्टी मात्र जशीच्या तशी. कॅप्टनने पट्टी पाहिली, नोंद वाचली, कोरे आकडे पाहिले आणि तिन्हींचा मेळ घातला: ब्रेकर ओढलाय म्हणून आकडे कोरे. खरं उलट होतं. ब्रेकर ओढलेला असता तर आकडे दिसले असते. आकडे कोरे असताना उड्डाण करायची मुभा नव्हती. दुरुस्तीच्या धंद्यातल्या कुणालाही ओळखीची वाटेल अशी ही चूक आहे: दुरुस्तीची खूण शिल्लक, दुरुस्ती नाही.

आता हिशोब. आकडे कोरे असले की पंखाखालच्या मोजदांड्यांनी इंधन मोजतात. दांडीवरून सेंटिमीटर, तक्त्यावरून लिटर, आणि लिटरवरून वजन. विमानाला वजन कळलं पाहिजे, कारण इंजिनं इंधन जाळतात ती वजनाच्या हिशोबाने. आपल्याकडेही इंधनगाडीचं मीटर लिटर दाखवतं आणि कॉकपिट किलो; २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळावरही हेच. मधला दुवा म्हणजे घनता. जेट ए-१ ची १५ अंशांना ०.७७५ ते ०.८४० किलो प्रतिलिटर असते आणि तापमान चढलं की उतरते. १५ अंशांना ०.८०० असलेलं इंधन मे महिन्याच्या ३५ अंशांत साधारण ०.७८५ होतं. लिटर आणि किलो एक नव्हेत हे कळायला विमानतळ लागत नाही. गोडेतेलाच्या १ लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं.

२३ जुलै १९८३ रोजी, माँट्रियल ते ओटावामार्गे एडमंटन या फ्लाइट १४३ साठी २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाक्यांत ७,६८२ लिटर निघालं. त्या दिवशीची घनता ०.८०३. म्हणजे विमानात होतं ६,१६९ किलो, आणखी हवं १६,१३१ किलो, भरायचं २०,०८८ लिटर.

प्रत्यक्षात गुणक घेतला १.७७. हा गुणक खोटा नव्हता. तो एका लिटरचे पौंड सांगतो, आणि एअर कॅनडाची बाकीची विमानं पौंडातच चालत होती. ७६७ हे तिच्या ताफ्यातलं पहिलं मेट्रिक विमान. ७,६८२ गुणिले १.७७, उत्तर १३,५९७, आणि त्याला किलो म्हटलं गेलं. उरले ८,७०३, भागिले १.७७, म्हणून भरलं ४,९१७ लिटर. पडताळून पाहा: एकूण १२,५९९ लिटर, म्हणजे १०,११७ किलो. आणि १०,११७ किलो म्हणजे पौंडात किती? २२,३०४. आकडा बरोब्बर आला, एकक चुकलं. पेट्रोलपंपावर ‘झिरो बघा साहेब’ म्हणतात. इथे झिरो सगळ्यांनी पाहिला होता.

ओटावाला पुन्हा मोजणी झाली, पण गुणक तोच, म्हणून चूक पकडली गेली नाही. फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये सुरुवातीचा साठा २२,३०० किलो असा हाताने भरलेला होता. तो प्रामाणिकपणे त्यातून वजाबाकी करत राहिला आणि शेवटपर्यंत इंधन पुरेसं असल्याचं दाखवत राहिला. जुन्या तीन माणसांच्या कॉकपिटमध्ये हा हिशोब फ्लाइट इंजिनिअर करायचा. ७६७ मध्ये ती जागाच नव्हती, आणि काम कोणाकडे गेलं हे पुरेसं स्पष्ट केलेलं नव्हतं.

हवेतला भाग थोडक्यात. ४१,००० फुटांवर, ऑन्टारिओतल्या रेड लेकच्या आसपास, आधी इंधनदाबाचे इशारे, मग डावं इंजिन, मग उजवं. इंजिनं थांबली की जनरेटर थांबतात, जनरेटर थांबले की पडदे काळे. बॅटरीवरची मोजकी उपकरणं उरली. पोटाखालून रॅम एअर टर्बाइन बाहेर आलं. वाऱ्यावर फिरणारा हा छोटा पंखा हायड्रॉलिक पंप चालवतो. विमानाचा वेग उतरला की त्याचा जोरही उतरतो, म्हणजे ऐन उतरताना हात जड. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर उडवायचा सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी उंची आणि अंतराचा हिशोब मांडला: १० सागरी मैलांत ५,००० फूट गेले, म्हणजे साधारण १२ ला १. विनिपेग हाताबाहेर. (किलो-पौंडाच्या घोळात सापडलेल्या माणसाचं आडनाव क्विंटल असावं, हा योगायोग मराठी वाचकापुरताच आहे.) क्विंटल पूर्वी गिम्लीच्या वायुदल तळावर नोकरीला होते. तिथली धावपट्टी आता मोटारींच्या शर्यतीसाठी वापरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी तिथे शर्यतवाल्यांचा मेळावा भरला होता.

चाकं वजनाने खाली सोडली. मागची बसली. पुढचं चाक मात्र कुलूपबंद झालं नाही. उंची जास्त उरली होती, वेग मारणारे पंखांवरचे फ्लॅप चालत नव्हते, म्हणून पिअरसन यांनी सुकाणू एका बाजूला आणि पंख दुसऱ्या बाजूला देऊन विमान तिरकं सरकवत उतरवलं. त्याला साइडस्लिप म्हणतात. छोट्या विमानांची ही युक्ती जेटवर सहसा कुणी करत नाही. टेकल्यावर ब्रेक जोरात लागले, दोन टायर फुटले, नाक जमिनीवर आपटून घासत गेलं आणि शर्यतीच्या पट्ट्याच्या मधोमध बसवलेल्या लोखंडी कठड्यावर घासलं. त्या घर्षणानेच विमान प्रेक्षकांच्या आधी थांबलं. नाकाखालची लहान आग शर्यतवाल्यांनी आपल्याकडच्या अग्निशामकांनी विझवली. विमानात ६१ प्रवासी, ८ कर्मचारी. उतरताना गंभीर दुखापत कुणालाच नाही. किरकोळ इजा झाल्या त्या मागच्या घसरगुंड्यांवर, कारण नाक खाली गेल्याने शेपूट वर उचललं होतं आणि घसरगुंडी जवळजवळ उभी झाली होती.

सेवापुस्तकातलं पुढचं पान सरकारी नोकरीत शोभेल असं. पिअरसन यांची सहा महिन्यांसाठी पदावनती, क्विंटल दोन आठवडे निलंबित, तंत्रज्ञांवरही कारवाई. विमानाला मात्र दोन दिवसांची डागडुजी पुरली. तेवढ्यावर ते उडवून विनिपेगला नेलं, तिथे पुरी दुरुस्ती झाली आणि ते कामावर परत हजर. न्यायमूर्ती लॉकवुड यांच्या चौकशी आयोगाने दोषाचा मोठा भाग कंपनीच्या कार्यपद्धतीवर आणि उपकरणांवर टाकला, आणि १९८५ मध्ये दोन्ही वैमानिकांना आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाची कौशल्याबद्दलची पदविका मिळाली.

यापुढची चोवीस-पंचवीस वर्षं विमान निमूटपणे प्रवासी वाहत होतं, आणि तुकडा घेणाऱ्यांनी लक्ष द्यायचं ते इथे. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवा भरली जाते, पत्रा ताणला जातो. उतरल्यावर सैल होतो. रिव्हेटच्या भोकांभोवती हाच ताण साठत जातो. ठरावीक काळाने मोठ्या तपासणीत आतलं अस्तर काढून पत्रा, सांधे, भोकं पाहिली जातात, गंज खरवडला जातो, गरज पडली तर पत्रा बदलला जातो. हातात येणारा तुकडा हे सगळं सोसून आलेला असतो. शेवटचं व्यावसायिक उड्डाण १ जानेवारी २००८ ला. २४ जानेवारीला माँट्रियलहून टक्सनमार्गे कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटाकडे शेवटची फेरी, त्यात पिअरसन आणि क्विंटल बसले होते. निवृत्तीला जुने साहेब आले, असं म्हणा ना. एप्रिल २०१३ मध्ये विमान लिलावात काढलं. साडेसत्तावीस ते तीस लाख डॉलरची अपेक्षा होती, बोली सव्वाचार लाखांवर थांबली आणि विक्री झालीच नाही. पुढच्या वर्षी कापाकापी. अंगाच्या पत्र्याचे तुकडे त्यातूनच आले.

आता तुकड्याकडे. परीक्षणासाठी घेतलेला नमुना ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका खासगी संग्रहातला आहे: ७० बाय ३५ मिलिमीटर, दर्शनी बाजू पांढरी, मागची हिरवट. पांढऱ्या बाजूवर बारीक ओरखडे आहेत आणि डावीकडे रिव्हेटचं एक भोक. ते भोक भिंगाखाली पाहण्यासारखं आहे. वरच्या बाजूला कडा उतरत जातात, कारण बाहेरच्या पत्र्यावर रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून १०० अंशांची खोलगट वाटी केलेली असते. नंतर कुणी ड्रिलने पाडलेलं भोक सरळ नळीसारखं असतं, कडेला बूर दिसतो आणि रंग ताजा तुटलेला दिसतो. इथे रंग वाटीच्या आतपर्यंत उतरला आहे, म्हणजे भोक रंगाच्या आधीचं. असा तुकडा मिळाला तर तो घ्या. सपाट, बिनभोकाचा, चकचकीत तुकडा दिसायला छान असतो, पण त्यात वाचायला काही नसतं.

जाडी मायक्रोमीटरने मोजा, घरच्या पट्टीने नको. या आकाराच्या विमानांच्या अंगाचा पत्रा साधारण १ ते १.६ मिलिमीटर असतो, दारं-खिडक्यांभोवती जाड. नमुना रंगासकट १.७ भरला. वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्या कुठल्याही कारखान्यात मिनिटभराचं काम आहे. वजनासाठी राम मारुती रोडवरच्या एखाद्या सोनाराचा काटा बरा. हिशोब असा, रंग वगळून: ७ गुणिले ३.५ गुणिले ०.१६ म्हणजे ३.९२ घन सेंटिमीटर, घनता २.७८, म्हणजे १०.९ ग्रॅम. भोकं आणि गोल कोपऱ्यांमुळे थोडं कमी, रंगामुळे थोडं जास्त, तेव्हा ११ च्या आसपास यायला हवं. नमुना तेवढाच भरला. याच आकाराचा तुकडा ३० ग्रॅम भरला तर ते लोखंड आहे, चुंबक लावायचीही गरज नाही.

मिश्रधातू नक्की करायचा असेल तर पीएमआय गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारी बंदूक. रबाळे-महापे पट्ट्यातल्या धातू तपासणाऱ्या लॅबमध्ये ती असते. अपेक्षित धातू २०२४-टी३ (हा मिश्रधातूचा क्रमांक, साल नव्हे): तांबं ३.८ ते ४.९ टक्के, मॅग्नेशियम १.२ ते १.८, मॅंगनीज ०.३ ते ०.९, बाकी ॲल्युमिनियम. पण बंदूक कुठे लावता यावर सगळं आहे. पांढऱ्या बाजूला लावलीत तर टायटॅनियम दाखवेल, आणि घरी येऊन ‘आमचा तुकडा टायटॅनियमचा’ अशी बढाई मारली जाईल. तो रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड. हिरव्या बाजूला लावलीत तर क्रोमियम दिसेल, ते प्रायमरमधलं. रंग उडालेल्या जागी लावलीत तरी फसगत, कारण हा पत्रा अल्क्लॅड असतो: मजबूत पण गंजणाऱ्या गाभ्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमची पातळ साय. तांब्याचा खरा आकडा कापलेल्या कडेवर मिळतो. लॅबवाल्याला तेवढं सांगा. मॅग्नेशियमचा आकडा हातातल्या बंदुकीवर नीट येत नाही, त्यावर वाद घालू नका.

एवढं करून काय सिद्ध होतं? विमानाचा पत्रा आहे, एवढंच. सी-जीएयूएनचा आहे हे धातू सांगू शकत नाही. २०२४-टी३ हा पत्रा शेकडो विमानांच्या अंगावर आहे. त्यामुळे मूळ विक्रेत्याचं कार्ड, तुकड्यावरचा क्रमांक, आणि आधीच्या मालकापासून तुमच्यापर्यंतची पावत्यांची साखळी हाच पुरावा. तुकडा इथे हातोहात, ओळखीतून विकत घेत असाल तर कार्डाशिवाय घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. कार्ड आहे पण तुकड्यावरचा क्रमांक घासलेला आहे, हेही नाहीच.

एक खोच आणखी. ‘हा पत्रा गिम्लीला होता’ असं विक्रेते सहज म्हणतात. विमान होतं, हा तुकडा होताच असं नाही. घासून निघालं ते नाक, आणि त्या भागाची दुरुस्ती झाली. पुढे पंचवीस वर्षांत इतरही पट्टे बदलले गेले असू शकतात. कार्डावर तुकडा विमानाच्या कुठल्या भागातून कापला हे लिहिलेलं असेल तर त्याची किंमत जास्त धरावी. पाठीकडचा किंवा मधल्या धडाचा असेल तर शक्यता चांगली. लिहिलेलं नसेल तर त्या वाक्याचे वेगळे पैसे देऊ नका.

सांभाळण्याचा भाग सविस्तर लिहायला हवा, कारण हा पत्रा मोहावीच्या कोरड्या वाळवंटात सहा वर्षं सुखरूप उभा होता आणि आता येतोय खाडीकाठी. कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी, कुठेही राहा. हवेत मीठ आहे आणि पावसाळ्याचे चार महिने ओल. अल्क्लॅडची साय पत्र्याच्या दोन तोंडांना वाचवते. कापलेल्या कडा मात्र उघड्या, तिथे तांबंवाला गाभा थेट हवेत. आधी कडेवर पांढरी पूड येते, मग रंगाखाली फुगवटा येतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. एकदा रंग सुटला की तुकड्याची अर्धी शान गेली.

उपाय सोपा आहे, पण क्रम चुकवू नका. बॅटरीवाल्याकडे मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रशने धुवा. नळाचं पाणी शेवटचा हात म्हणून नको, त्यातले क्षार कडेवर राहतात. पुसा, हेअर ड्रायर कमी आचेवर ठेवून भोकांच्या आतपर्यंत वाळवा. मग फक्त कडांना आणि भोकांच्या आतल्या अंगाला पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात, दोन्हींमध्ये दिवसभर वाळू द्या. लॅकर नसेल तर बिनरंगी नेलपॉलिश चालतं, काही वर्षांनी पिवळं पडतं, ॲसिटोनने काढून परत लावता येतं. ॲसिटोन रंगाला आणि छापील अक्षरांना लागू देऊ नका. दर्शनी बाजूला काही लावायची गरज नाही. चमकवायचा मोह टाळा. पितांबरी ठाण्याचीच, पण ती तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. इथे ती अक्षरं आणि अल्क्लॅडची साय दोन्ही घासून नेईल. चिंच आणि लिंबू तर नकोच.

हिरव्या बाजूबद्दल गंभीरपणे सांगायला हवं. विमानाच्या गंजरोधक प्रायमरमध्ये क्रोमेट असतं. षटसंयुजी क्रोमियम, सिद्ध झालेला कर्करोगकारक. तुकडा हातात घेतल्याने काही होत नाही. पण सॅंडपेपर, ग्राइंडर, नवीन भोक पाडणं हे सगळं वर्ज्य, कारण धोका धुळीत आहे. लहान मुलं किल्लीचा जुडगा तोंडात घालतात. की-चेन म्हणून वापरू नका याचं हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे किल्ल्यांशी घासून अक्षरं सहा महिन्यांत पुसट होतात. तिसरं, लोखंडी किंवा पितळी कडी ॲल्युमिनियमला टेकलेली, त्यात घामाचं पाणी, म्हणजे गंजाची बॅटरीच तयार. कडी काढून ठेवा आणि नायलॉनचा दोरा वापरा.

फ्रेम करायची तर फ्रेमवाल्याला आधीच चार गोष्टी सांगाव्या लागतात, नाहीतर तो नेहमीच्या सवयीने करेल. मागे एमडीएफ किंवा प्लायवूड थेट नको, त्यातून आम्ल वाफा निघतात. आम्लरहित माउंट बोर्ड मध्ये घाला. चिकटवायला सिलिकॉन वापरलं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. तो वास ॲसेटिक आम्लाचा आणि बंद काचेआड ते ॲल्युमिनियम खातं. न्यूट्रल क्युअर असं ट्यूबवर लिहिलेलं मागा. त्याहून बरं म्हणजे चिकटवूच नका, नायलॉनच्या बारीक दोऱ्याने दोन जागी बांधा, म्हणजे मागची हिरवी बाजू कधीतरी काढून पाहता येते. काच आणि तुकडा यांच्यात पोकळी ठेवा. आणि भिंत बाहेरची, पावसाची ओल धरणारी नसावी.

मागवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परदेशातून थेट मागवलात तर वस्तूच्या किमतीवर भाडं आणि कस्टम ड्यूटी धरूनच हिशोब करा. कुरिअरने आलं तर केवायसीची कागदपत्रं मागतात, ती आधी तयार ठेवा म्हणजे पार्सल अडकून पडत नाही. पाकिटावरच्या घोषणेत वस्तू जी आहे तीच लिहायला सांगा, ॲल्युमिनियमची संग्राह्य की-चेन. उत्साहाने ‘एअरक्राफ्ट पार्ट’ लिहिलं गेलं की विमानाच्या सुट्या भागांचे प्रश्न सुरू होतात, आणि त्यांची उत्तरं ७० मिलिमीटरच्या पत्र्यापाशी नसतात. पार्सल उघडताना कात्री जपून चालवा. आतलं कार्ड तुकड्याइतकंच मोलाचं आहे.

ते कार्ड फ्रेममध्ये लावू नका. उजेडाने छपाई उडते, आणि पावती थर्मल कागदाची असेल तर दोन-तीन वर्षांत कोरी होते. दोन्हींचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पावतीची साध्या कागदावर झेरॉक्स घ्या, मूळ कागद पाकिटात घालून कपाटात ठेवा, आणि पाकिटावर तुकड्याचा क्रमांक पेन्सिलने लिहा.